कुलगुरूंस अनावृत पत्र : दोनशे रुपयांच्या देणगीविषयी

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या माननीय कुलगुरू महोदयांस,



आपणांपैकी कोणा एकाचे नाव घेऊन हे पत्र लिहिलेले नाही, याचे कारण असे की ज्या उणिवेविषयी मला लिहावयाचे आहे ती कोण्या एका विद्यापीठाची मिरास नसून थोड्याफार फरकाने सर्वत्र नांदत असलेली आहे. दीक्षान्त समारंभात, नव्या इमारतीच्या कोनशिलेपाशी, किंवा सुवर्ण अथवा अमृत महोत्सवाच्या मांडवात, माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मातृसंस्थेस सढळ हाताने साहाय्य करावे असे आवाहन व्यासपीठावरून होते, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या पदवीधरास खरोखरच दरमहा दोनशे रुपये द्यावेत अशी इच्छा झालीच, तर ते कोठे, कोणत्या नावे आणि कोणत्या रीतीने द्यावेत हे सांगणारा माणूस त्याला विद्यापीठाच्या कचेरीत बहुधा भेटत नाही. मोठ्या दात्याचे तसे नाही. पन्नास लाखांचा धनादेश घेऊन येणाऱ्या गृहस्थास स्वतः कुलसचिव दारापर्यंत सामोरे येतात, आणि ते योग्यच आहे. माझे सारे म्हणणे त्या दोनशे रुपयांविषयी आहे.

आपल्या विद्यापीठांनी दानाची जी कल्पना वारसाहक्काने स्वीकारली ती मुंबई विद्यापीठाच्या आवारात दगडामातीत उभी आहे. 1864 साली प्रेमचंद रायचंद यांनी त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले, आणि 1878 साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा आजही त्या औदार्याची साक्ष देतो. परंतु त्या देणगीनंतर दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतील पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदांच्या दौलतीलाही ग्रहण लागले, हा भाग मनोऱ्याकडे पाहताना आपण विसरतो. तीच मागणी 1864 ऐवजी 1866 साली केली असती तर विद्यापीठाच्या पदरात काय पडले असते, हा प्रश्न विचारण्यात दात्याचा यत्किंचितही अनादर नाही. एका माणसाच्या दैवाशी संस्थेचे दैव बांधले म्हणजे काय होते, एवढेच त्यातून ध्यानी येते.

याच मातीत दानाची दुसरीही एक परंपरा होती, आणि ती उच्च शिक्षणाला परकी नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक माणसाकडून एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातल्यानंतर वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी खेड्यापाड्यांतील घरांकडून मूठ मूठ धान्य गोळा करण्याचा जो परिपाठ पाडला, त्यात धान्याच्या राशीइतकीच मोलाची गोष्ट ही होती की, जात्यावर बसणाऱ्या बाईला वसतिगृहाची आठवण एकदा नव्हे, वारंवार होत असे. आणि अण्णासाहेब कर्वे! फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून सुट्ट्यांमध्ये वर्गणीसाठी गावोगाव हिंडणारा, रुपया-दोन रुपये देणाऱ्याचीही नोंद ठेवणारा, जमाखर्च दरवर्षी लोकांपुढे मांडणारा हा मितभाषी माणूस भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाचा संस्थापक झाला. 1916 साली ते विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्याच्यामागे सरकार नव्हते आणि धनिकही फारसे नव्हते. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली ती 1920 साली, म्हणजे लहान वर्गणीदारांच्या आधारावर चार वर्षे संस्था चालून दाखविल्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जेथे शेकडो माणसे थोडे थोडे देत आहेत असे दिसते तेथे मोठा दाताही विश्वासाने येतो. उलट मोठ्याची वाट पाहत लहानांना न विचारणारी संस्था दोघांनाही मुकते.

परदेशातील दाखल्यांवाचून आपल्या व्यवस्थापन परिषदांचे समाधान होत नाही हे मी जाणतो, म्हणून एक दाखला देतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पदवीधरांनी 1890 साली एक निधी सुरू केला. त्याची कल्पना अशी की, प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे लहानमोठी रक्कम द्यावी, मात्र ती दरवर्षी द्यावी. त्यामागील हिशेब आपल्या वित्त अधिकाऱ्यांस चटकन पटावा असा आहे. समजा, एखाद्या विद्यापीठाच्या पाच हजार पदवीधरांनी वर्षाला प्रत्येकी हजार रुपये दिले, तर पन्नास लाख रुपये होतात. सात टक्के व्याजाने तेवढे उत्पन्न मिळावयाचे तर सात कोटींहून अधिक मुद्दल बँकेत ठेवावे लागेल. म्हणजे दरमहा शंभर रुपयांच्या आत देणारी ही पाच हजार माणसे मिळून एका सात कोटींच्या दात्याच्या तोलाची झाली, आणि त्यांच्यापैकी दहा निवर्तले किंवा रुसले तरी विद्यापीठाचा व्यवहार अडत नाही. ज्या विद्यापीठांतून आजवर लाखो विद्यार्थी पदव्या घेऊन बाहेर पडले, त्यांना पाच हजार हा आकडा दुरापास्त वाटू नये.

तरीही तो दुरापास्त का वाटतो, याचे एक कारण आपल्या विद्यापीठांच्या घडणीतच आहे. आपली बहुतेक विद्यापीठे संलग्न महाविद्यालयांची अधिपती आहेत. सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, कोल्हापूरच्या राजारामात किंवा पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ज्याने तारुण्याची वर्षे घालविली त्याचे प्रेम त्या महाविद्यालयावर जडते. विद्यापीठ त्याच्या आयुष्यात येते ते परीक्षा क्रमांक, गुणपत्रक आणि फेरतपासणीचा अर्ज या रूपांनी. माझ्याच पदवीच्या विद्यापीठाकडे मी एकदा गुणपत्रकाची प्रमाणित प्रत मागितली होती. ती हाती पडेपर्यंत मला ज्या खिडक्यांचे दर्शन घडले त्यांच्या स्मरणाने देणगीची इच्छा पालवण्याचा संभव फार थोडा. ज्या कचेरीने पदवीधराला दहा वर्षांपूर्वी उद्या या म्हणून परत पाठविले, त्याच कचेरीचे देणगीचे आवाहन त्याला आज गोड लागणार नाही. तेव्हा निधिसंकलनाचा आरंभ परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी होतो असे मी म्हटले तर आपण ते विनोदाने घेऊ नये.

यावर उपाय नाही असे नाही. विद्यापीठाच्या आवारातच शिकलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा जिव्हाळा विद्यापीठाशीच असतो, आणि तोही अमूर्त विद्यापीठाशी नव्हे, तर विभागाशी, वसतिगृहाशी, ग्रंथालयाशी. पुण्याच्या जयकर ग्रंथालयात ज्याने सेट-नेटचा अभ्यास करीत रात्री काढल्या, किंवा 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून ज्याने खानावळीचे पैसे भागविले, त्याला त्या ग्रंथालयासाठी व त्या योजनेसाठी मागावे. विद्यापीठाच्या सर्वांगीण विकासासाठी मागू नये. सर्वांगीण विकास या शब्दांनी आजवर कोणी खिशात हात घातल्याचे मी ऐकलेले नाही.

आता कार्यपद्धतीकडे वळतो, कारण पुष्कळ सद्विचार तेथेच गारठतात. इंग्लंडमधील विद्यापीठांत गेली काही दशके अशी चाल आहे की, सत्राच्या काळात सायंकाळी शिकणाऱ्याच विद्यार्थ्यांना मोबदला देऊन बसवितात आणि ते माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी करतात. आधी पत्ता-नोकरी यांची नोंद अद्ययावत करून घ्यावयाची, मग ज्या विभागात तो शिकला त्याची हालहवाल सांगावयाची, त्याच्या आठवणी ऐकावयाच्या, आणि सरतेशेवटी दरमहा अमुक रक्कम बँकेतून परस्पर देता येईल काय असे विचारावयाचे, असा त्या संभाषणाचा क्रम असतो. नकार आला तरी आभार मानून फोन ठेवावयाचा. यात मागणी करणारा हा कोणी अधिकारी नसून विशीतला विद्यार्थी असतो, ही गोष्ट सगळ्यांत परिणामकारक ठरते. ज्याच्यासाठी पैसे मागावयाचे तोच बोलत असल्याने निवेदनपत्रिकेवरचे बोधवाक्य अनावश्यक होते. आपल्या 'कमवा आणि शिका' योजनेतील मुलामुलींना बागेच्या किंवा फायलींच्या कामाऐवजी हे काम दिले तर त्यांना संभाषणाचा सरावही होईल. मात्र परीक्षेच्या अर्जांवरून उचललेले भ्रमणध्वनी क्रमांक सरसकट वापरण्याचा मोह टाळावा. व्यक्तिगत विदेविषयीचा 2023 चा कायदा संमती मागतो, आणि कायदा नसता तरी सभ्यपणाने ती मागितलीच असती.

पैसे घेण्याची यांत्रिक सोय आज इतकी झाली आहे की अण्णासाहेब कर्व्यांना तिचा हेवा वाटला असता. यूपीआयच्या स्वयंचलित कपातीने किंवा बँकेला दिलेल्या आज्ञापत्राने दरमहा ठराविक रक्कम खात्यातून परस्पर जाऊ शकते; पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी नव्याने मंजुरी द्यावी लागत नाही, आणि पैसे कापले जाण्यापूर्वी दात्याला सूचना मिळते. ती सूचना उपद्रव मानू नये. वर्षातून बारा वेळा विद्यापीठाचे नाव दात्याच्या डोळ्यांपुढे येण्याची ती संधी आहे. कपात बंद करण्याची सोय सुरू करण्याच्या सोयीइतकीच सुलभ असावी, कारण जी देणगी थांबविता येत नाही ती देणगी नव्हे, वसुली होय. अनेक महाविद्यालयांत प्रवेशशुल्काबरोबर माजी विद्यार्थी संघाचे शुल्क सक्तीने कापून घेण्याची रूढी आहे, तीही मला याच सदरात घालावीशी वाटते. अजून जो आजी विद्यार्थीही पुरता झालेला नाही त्याच्याकडून माजी म्हणून पैसे घेण्यात कसली कृतज्ञता वाढीस लागावयाची?

प्राप्तिकरातील सवलतीवर फार भिस्त ठेवू नये. नव्या करप्रणालीत दानाची ती वजावट मिळतच नाही, आणि नोकरदारांचा मोठा भाग आता त्याच प्रणालीत आहे. वजावटीचा दाखला वेळेवर द्यावा हे खरे, पण आमिष म्हणून तो पुढे करू नये. परदेशस्थ पदवीधरांच्या बाबतीत नागरिकत्वाची विचारणा आधी करावी. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्याने दुबईहून पाठविलेले पैसे आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने न्यू जर्सीहून पाठविलेले पैसे यांस कायदा वेगळा लागतो, आणि या दुसऱ्या दात्याच्या खांद्यावर ओसीआय कार्डाची शाल असली तरी त्याची देणगी विदेशी अंशदानच गणली जाते. हा उलगडा वित्त विभागाने आरंभीच करून ठेवावा, दात्याने उत्साहाने पैसे पाठविल्यावर नव्हे.

महोदय, या कामाची खरी अडचण कालगणनेची आहे, आणि ती आपल्यापुढे स्पष्ट ठेवणे मला भाग आहे. नियमित देणगीचा उपक्रम पहिल्या वर्षी बहुधा आतबट्ट्याचा असतो. नोंदी दुरुस्त करणे, मनुष्यबळ नेमणे, पत्रे व दूरध्वनी यांवर होणारा खर्च आलेल्या रकमेइतका किंवा तिच्याहून अधिकही होऊ शकतो. नव्याने दाते झालेल्यांची गळती पहिल्या दुसऱ्या वर्षांत सर्वांत जास्त असते. तिसऱ्या चौथ्या वर्षी उरलेले दाते स्थिर होतात, त्यांच्यावरचा खर्च नाममात्र राहतो, काही जण आपण होऊन रक्कम वाढवितात, आणि पुढे मृत्युपत्रातही विद्यापीठाचे नाव घालणारे यांच्यातूनच निघतात. आमच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने कुलगुरूंना मुदत दिली आहे ती पाच वर्षांची, आणि पुनर्नियुक्ती नाही. म्हणजे आंब्याची कलमे लावणारा एक आणि पेटी उघडणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे. आपल्या कारकिर्दीच्या अहवालात ज्याचे फळ दिसणार नाही असे काम हाती घेण्यास मोठे मन लागते हे मी मान्य करतो. पण इमारतीचे उद्घाटन पाच वर्षांत होते म्हणून इमारती आणि दात्यांची नोंद पाच वर्षांत पिकत नाही म्हणून ती नको, हा न्याय विद्यापीठाला शोभत नाही.

उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या पत्रिकेनेही या विपर्यासाला हातभार लावला आहे. माजी विद्यार्थ्यांचे योगदान गेल्या पाच वर्षांत किती लाख रुपये झाले, असे त्यात विचारले जात आले आहे. किती जणांनी दिले आणि त्यांतील कितींनी पुन्हा दिले, असे नव्हे. परिणामी मूल्यमापन समिती येण्याच्या सुमारास दोन-चार सुस्थित पदवीधरांना गाठून आकडा जमविला की रकाना भरत आला आहे. मी कुलगुरू असतो तर रकाना नॅकसाठी भरला असता आणि स्वतःच्या टेबलावर दुसरेच दोन आकडे ठेवले असते, दाते किती आणि गेल्या वर्षीच्या दात्यांपैकी टिकले किती.

एक यादी मात्र आपल्या दप्तरात तयार आहे, आणि तिचा उपयोग पाहून मला नेहमी हसू येते. कायद्याने अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून द्यावयाचे असतात, त्यासाठी पदवीधरांची मतदारनोंदणी होते, पॅनेले उभी राहतात, आणि निवडणुकीच्या महिन्याभरात ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा उमेदवारांचे संदेश आपल्याला जिव्हाळ्याने विचारपूस करू लागतात. निकाल लागतो आणि ती सारी माणसे पुढील निवडणुकीपर्यंत यादीत निजतात. मतदारयादी देणगीसाठी वापरा असे मी म्हणत नाही, ते अनुचित होईल. पण ज्या पदवीधराने स्वखुशीने फॉर्म भरून विद्यापीठाच्या कारभारात आस्था दाखविली, त्याला नोंदणीच्या वेळीच वर्षातून चार वेळा विद्यापीठाचे वृत्त पाठविले तर चालेल काय, एवढा एक प्रश्न विचारण्यास कोणता अध्यादेश आड येतो?

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. विद्यापीठे सार्वजनिक आहेत, त्यांचा भार शासनाने उचलावयाचा आहे. पदवीधर देऊ लागले की शासन तेवढा हात आखडता घेईल आणि वर्षानुवर्षे रिक्त राहिलेल्या अध्यापकपदांचा खर्च उद्या माजी विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडेल, असे माझे काही प्राध्यापक मित्र म्हणतात. ही भीती निराधार नाही, आणि तिचे उत्तर भाषणाने नव्हे, ठरावाने द्यावे लागेल. नियमित देणग्यांच्या निधीतून वेतन, इमारतबांधणी व जी जबाबदारी कायद्याने शासनाची आहे अशी कोणतीही बाब भागविली जाणार नाही, असा ठराव व्यवस्थापन परिषदेने आधी करावा आणि तो प्रसिद्ध करावा. शासनालाही याहून भली वाट मोकळी आहे. इंग्लंडमध्ये 2008 ते 2011 या काळात सरकारने विद्यापीठांनी जमविलेल्या देणग्यांना जोड म्हणून 20 कोटी पौंडांपर्यंतची तरतूद केली होती, आणि ज्या विद्यापीठांना या कामाचा अनुभव नव्हता त्यांना त्यांनी मिळविलेल्या प्रत्येक पौंडामागे एक पौंड देऊ केला होता. तेथे दान हे अनुदान कापण्याचे निमित्त न होता वाढविण्याचे झाले. अशा एकास एक जोडीची मागणी आपण सर्व कुलगुरूंनी एकत्रितपणे मंत्रालयात केली तर तिला नाही म्हणणे शासनाला जड जाईल; निदान नाही म्हणण्याचे कारण तरी लेखी मिळेल.

निधीचा विनियोग कसा असावा याविषयी माझे मत आग्रही आहे. शिलालेख नकोत, दात्यांच्या नावांची उतरती भाजणी नको. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलाचे खानावळीचे थकलेले बिल, अचानक बाप गेलेल्या मुलीचे सत्रशुल्क, क्षेत्रकार्यासाठी लागणारे एसटीचे भाडे, वाचकलेखनिकाचा मोबदला, अशा ज्या गरजा कोणत्याही शासकीय लेखाशीर्षात वेळेवर बसत नाहीत, त्यांसाठी हे पैसे विद्यार्थी विकास मंडळाच्या हाती असावेत, आणि वर्षाअखेर एका पानाचा हिशेब प्रत्येक दात्याला जावा. त्या पानावर जमा, खर्च, शिल्लक आणि किती विद्यार्थ्यांच्या कोणत्या अडचणी निभावल्या, एवढे पुरे. साहाय्य घेणाऱ्याचे नाव किंवा छायाचित्र मात्र त्यावर कदापि नसावे. गरजूला कॅमेऱ्यासमोर उभे करून दात्याचे समाधान करण्याची जी नवी रीत फोफावली आहे तिला विद्यापीठाच्या आवारात थारा मिळू नये.

शेवटी माझी मागणी अगदी अल्प आहे. सबंध विद्यापीठाचा उपक्रम एकदम जाहीर करू नका. त्याचे बोधचिन्ह ठरेपर्यंतच वर्ष संपेल. एक विभाग निवडावा, जेथे पदवीधरांचे पत्ते त्यातल्या त्यात शाबूत आहेत आणि विभागप्रमुखाला पत्रे लिहिण्याची हौस आहे. पूर्णवेळ एक माणूस या कामावर नेमावा, आणि त्याची बदली तीन वर्षे परीक्षा विभागात करणार नाही असे लेखी द्यावे. पहिल्या सहामाहीत एकही पैसा न मागता केवळ वृत्त पाठवावे व विचारपूस करावी, आणि मग दरमहा शंभर, दोनशे, पाचशे यांपैकी काय जमेल असे विचारावे. असा विभाग ज्या विद्यापीठात निघेल तेथील कुलसचिवांनी खाते व कपातीची रीत कळविली की माझे दरमहाचे दोनशे रुपये पुढील महिन्यापासून सुरू होतील. पावती घरच्या पत्त्यावर पाठविली तर विशेष आनंद होईल.



आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत पदवीधर